शुक्रवारच्या बॅचचा ग्राफ

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भट्टीवालीने शुक्रवारच्या बॅचचा ग्राफ उघडला. दाबाची रेघ शेवटपर्यंत सपाट होती.

ती सपाट असायला नको होती. कारखाना थोरल्या भावाचा, भट्टी तिची. दोन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती: हाडं जोडायच्या पट्ट्यांसाठी लागणारा टायटॅनियमचा मिश्रधातू स्वस्तात बनवायचा. शुद्ध टायटॅनियमची पावडर महाग. हायड्रोजन मुरवलेली, ठिसूळ हायड्राइड पावडर बरीच स्वस्त. तीत ॲल्युमिनियम-व्हॅनेडियमची पावडर मिसळायची, साच्यात दाबून चकत्या करायच्या आणि निर्वात भट्टीत, न वितळवता, कण एकजीव होईपर्यंत तापवायच्या. वाटेत, पाचशे अंशांच्या आसपास, हायड्रोजन बाहेर पडतो. तेवढा वेळ भट्टीतली हवा ओढणाऱ्या पंपाला धाप लागते आणि दाबाच्या रेघेला उंचवटा येतो. आजवर तिच्या प्रत्येक बॅचला तो आला होता.

नमुन्याच्या बारा चकत्या शुक्रवारी तिनेच दाबल्या होत्या. "दोन दिवस उभी आहेस, छोटे. घरी जा, भट्टी मी भरतो," दादा म्हणाला होता. रविवारी खरेदीदाराच्या तपासनिसाने चकत्या तोडून पाहिल्या आणि शेरा दिला: उत्कृष्ट. त्याने तिचं अभिनंदन केलं तेव्हा दादा शेजारीच उभा होता, हसत. आता आज चारपर्यंत अहवाल पाठवायचा होता. ग्राफ जोडून, तिच्या सहीने.

साच्यांच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, तिला कागदात गुंडाळलेल्या बारा कच्च्या चकत्या सापडल्या. कागदावरचं अक्षर तिचंच होतं.

"दादा, शुक्रवारी भट्टीत काय ठेवलं होतंस?"

"चकत्या. अजून काय, माझं डोकं?"

"मग हायड्रोजन गेला कुठे? रजेवर?"

दादाने चष्मा काढून पुसला. तसा तो स्वच्छच होता.

"बाजारातून सळई आणली. तिच्याच चकत्या कापून घेतल्या."

"तयार सळई?"

"मागच्या बॅचला दोन तडकल्या होत्या की नाही? ऐन वेळी पुन्हा तडकल्या असत्या म्हणजे?"

"तेव्हा तापवायचा वेग जास्त होता. तो मी कमी केला, तुझ्यासमोर."

"हो गं. एकदा काम हातात येऊ दे, मग तुझ्याच चकत्या जातील."

"म्हणजे पास झाली सळई, आणि लोकांच्या पायात जाणार माझा माल. तडकला तर सही माझी."

"किती ताणशील! घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे."

"घरातली होती, तर मला का नाही सांगितलीस?"

दादा केबिनमध्ये गेला.

साडेअकराला तिने त्याच बारा चकत्या भट्टीत ठेवल्या. एक वाजता तापमान चढू लागलं. पावणेतीनला पंपाचा आवाज जड झाला आणि रेघ वर सरकली.

चार वाजून दोन मिनिटांनी खरेदीदाराचा निरोप दोघांनाही आला: अहवाल मिळाला, आभारी आहोत.

तिने सही केलेली नव्हती. तिने निरोपाला जोडलेला अहवाल उघडला. शेवटच्या पानावर तिची सही होती, मागच्या अहवालातून उचललेली. खाली शाईचा तोच ठिपका. ग्राफही होता, उंचवट्यासकट. उंचवट्याच्या उतारावर एक खाच होती. मागच्या बॅचला मधेच वीज गेली होती, तेव्हाची. दोन चकत्या तडकल्या होत्या त्याच बॅचची.

साडेचारला भट्टी सातशे अंशांवर आहे. रेघ खाली येते आहे. चकत्या टिकल्या की तडकल्या, हे उद्या भट्टी थंड झाल्यावर कळेल. खरेदीदाराला उत्तर लिहायला तिने घेतलं आहे. सही माझी नाही, एवढं लिहून झालं आहे. ती कोणी लावली हे लिहिताना 'मालक' म्हणायचं की 'माझा भाऊ', इथे ती थांबली आहे. केबिनचं दार बंद आहे.