शमीवरचं गाठोडं

मी हॉस्पिटलात काम करते म्हटलं की लोक लगेच विचारतात, "नर्स का?" नाही हो. मी तळघरात असते. वर ऑपरेशनं होतात आणि त्यांची हत्यारं खाली आमच्याकडे येतात. एका खिडकीतून रक्ताने माखलेली आत घेतो, धुतो, भिंगाखाली तपासतो, हिरव्या कापडात बांधतो, वाफेच्या यंत्रात शिजवतो आणि दुसऱ्या खिडकीतून वर पाठवतो. एकवीस वर्षं झाली. कुणाच्या पोटात जाऊन आली हे कुणी सांगत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. विचारत बसले तर डबा घशाखाली उतरेल का?

या वर्षी मात्र मला ठाऊक होतं. नवमीच्या सकाळी हत्यारांचा जो सेट वर जाणार होता, तो माझ्या सासूबाईंसाठी होता.

आमचं दोघींचं आधी सांगते. लग्न झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आई म्हण." मी म्हटलं, "माझी आई आहे की जिवंत." झालं! तेव्हापासून त्या सासूबाई आणि मी सूनबाई. त्यांच्या जिभेला हाड नाही, माझ्या तर त्याहून नाही. आमचे हे दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र उघडून बसतात आणि वादळ ओसरलं की घडी घालतात.

त्यांच्या आतड्याला गाठ निघाली. मोठे डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले, "पोट उघडल्यावर कळेल. निघण्यासारखी असेल तर काढू. पसरलेली असेल तर हात न लावता परत शिवून टाकू." "आणि मग?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

आदल्या संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी वर गेले, तर सासूबाई कॉटवर मांडी ठोकून बसलेल्या. "उद्या नाही," म्हणाल्या. "उद्या खंडेनवमी. उद्या हत्यारांची पूजा करतात, त्यांना कामाला जुंपत नाहीत. परवा दसरा आहे. परवा काय कापायचंय ते कापा म्हणावं."

"अहो, डॉक्टर काय आपल्या घरचे आहेत? उद्याची वेळ गेली तर पुढचे तीन आठवडे नाही."

"मग तीन आठवड्यांनी."

मी कपाळाला हात लावला. तीन आठवड्यांत गाठ कुठवर जाईल ते मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. घाबरल्या होत्या, दुसरं काय! पण घाबरले म्हणतील तर त्या सासूबाई कसल्या. त्यांना वळवायचा एकच रस्ता मला माहीत होता.

"बरं," मी म्हटलं, "पांडवांची गोष्ट तरी सांगा. दर वर्षी सांगता, या वर्षी राहायला नको."

दर नवमीला आमच्या घरी पाटावर विळी, कात्री, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर असं मांडून त्या ती गोष्ट सांगतात. मी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आपटत असते, पण कान तिकडेच असतात. गोष्ट सांगायची म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

"एक वर्ष ओळख लपवून राहायचं होतं त्यांना. हत्यारं घेऊन नगरात शिरले तर लगेच ओळखतील. म्हणून स्मशानाजवळ शमीचं थोरलं झाड होतं, त्याच्यावर सगळी हत्यारं कापडात गुंडाळून बांधली. वर एक प्रेत टांगलं, वासाने कुणी जवळ येऊ नये म्हणून. आणि वाटेतल्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची आई. एकशे ऐंशी वर्षांची होऊन गेली. आमच्या कुळात असंच झाडावर ठेवतात."

"एकशे ऐंशी! म्हणजे तुमच्याच वयाची."

"गप गं. वर्षभर ऊन, वारा, पाऊस. पण कुणी हात लावला नाही. आईला कोण हात लावील? मग एक दिवस शत्रूने राजाच्या गाई वळवून नेल्या. अर्जुन तेव्हा नाच शिकवणारा होऊन राहिला होता. त्याने राजपुत्राला झाडावर चढवलं. पोरगं चळचळा कापतंय. गाठी सोडल्या, कापड बाजूला केलं, आणि आत..." त्या थांबल्या. दर वर्षी इथेच थांबतात. "आत उजेड. नुसता उजेड! वर्षभरात गंजाचा एक ठिपका नाही. राजपुत्राने डोळ्यांवर हात घेतला. विचारतो, ही कुणाची? अर्जुनाने एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, हे कुणाचं, ते कुणाचं. मग पूर्वेकडे तोंड करून शांत बसला आणि एकेका अस्त्राची मनात आठवण केली. तशी ती सगळी हात जोडून समोर उभी राहिली. म्हणाली, आम्ही आलो."

माझ्या अंगावर काटा आला. एकवीस वर्षं ऐकतेय, तरी येतोच. शेजारच्या कॉटवरची बाईसुद्धा कुशीवर वळून ऐकत होती.

"त्या दिवशी हत्यारांची सुट्टी नव्हती वाटतं?" मी विचारलं.

"सुट्टी कसली? गाई चालल्या होत्या ना! अशा वेळी..." आणि त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे रोखून बघितलं. "लबाड आहेस."

"तुमच्याच हाताखाली शिकले."

मग त्यांनी उशीखालून कागदाची पुडी काढली. "कुंकू आहे. न पुजता उठवलेलं हत्यार हाताला वश होत नाही. माझ्या पोटात जाणार आहेत ती. तुझ्या हाताखालून जाणार आहेत. पुजशील?"

मी पुडी घेतली आणि शब्द दिला.

आता खरी अक्कल ऐका. आमच्या खात्यात कुंकू! धुळीचा कण आत आला तरी आम्ही ओरडतो. पण सकाळी सहाला धुवायच्या बाजूला मी एकटीच होते, आणि मनाशी म्हटलं, नाही तरी धुवायचीच आहेत, आधी लावलं तर काय बिघडलं? लांब क्लॅम्प, म्हणजे चिमट्यासारख्या पकडी, सहा असतात. गाठ काढताना आतडं दोन्ही बाजूंनी धरायचे ते हेच. त्या सहांच्या सांध्यावर मी बोटाने एकेक टिकली लावली, हात जोडले, आणि सगळा सेट धुवायच्या यंत्रात सरकवला.

तासाभराने भिंगाखाली एकेक बघत होते. पाचव्या क्लॅम्पच्या सांध्यात, अगदी आत, तिळाएवढं लाल.

कुंकू असेल, नाही तर कालच्या कुणाचं रक्त असेल. काय आहे ते महत्त्वाचं नव्हतं. सांध्यात काही राहिलं तर सेट बाद, सगळाच्या सगळा. तसा दुसरा सेट वर वापरात होता. पुन्हा धुणं, पुन्हा वाफ, म्हणजे दहाचं ऑपरेशन गेलं दुपारवर. आधीच बिथरलेल्या सासूबाई, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, उशीर म्हटलं की अपशकुन म्हणून उठून घरी चालू लागतील. आणि मी गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? भिंगाशी मी एकटीच.

पण तो क्लॅम्प जाणार कुठे होता? मी घंटा वाजवून मोठ्या सिस्टरांना बोलावलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. सगळं सांगितलं, पुडीसकट.

मोठ्या सिस्टर आमच्या खात्याच्या प्रमुख. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी भिंगातून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "एकवीस वर्षं झाली ना तुला?"

"हो."

"सगळा सेट पुन्हा. मी वर कळवते. लेखी जबाब उद्या." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि पूजा करायची तर नुसते हात जोडावेत. तेवढ्याने भागतं."

सांध्यातला तो कण मी मऊ ब्रशने काढला. नंतर एकेक क्लॅम्प तीन-तीनदा घासला. रडतही होते आणि स्वतःला शिव्याही घालत होते. सेट पुन्हा धुवायच्या यंत्रात सरकवला आणि वर गेले.

सासूबाई हिरव्या झग्यात स्ट्रेचरवर पडलेल्या, दागिन्यांशिवाय, एवढ्याशा दिसत होत्या. हे उशाशी उभे. मी खोटं बोलणार होते, यंत्र बिघडलं म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. साडेबारा वाजतील म्हटलं. माझ्यामुळे म्हटलं.

त्या छताकडे बघत होत्या. "केवढं राहिलं होतं?"

"तिळाएवढं. सांध्याच्या आत."

"आणि तुला दिसलं?"

"दिसलं."

"वीस वर्षं माझ्या भातातला खडा तुलाच सापडायचा," त्या म्हणाल्या. "असा राग यायचा म्हणून सांगू!" मग माझं मनगट धरलं, घट्ट. "जा आता. नीट बांध गाठोडं."

मी बांधलं. हिरव्या कापडाचे चार कोपरे एकावर एक घेतले, पट्टी लावली, आणि यंत्रातून निघाल्यावर सव्वाबाराला वर पाठवलं. मग खिडकीशी बसले.

आता जे मला माहीत होतं ते ह्यांनाही माहीत नव्हतं. गाठ निघत नसेल तर पोट उघडून लगेच मिटतात. तासाभरात सेट खाली येतो, आणि त्यात ते सहा लांब क्लॅम्प जसे गेले तसे लखलखीत परत येतात. असे ट्रे मी कितीदा घेतलेत! स्वच्छ क्लॅम्प बघून आजवर बरंच वाटायचं, चला, काम कमी झालं. त्या दुपारी माझी मलाच शरम वाटली.

दीडला खिडकीची घंटा वाजली. मी झडप घालून ट्रे ओढला. सेट दुसऱ्याच खोलीचा होता. अडीच वाजले, तीन वाजले. तळघरात फोनही लागत नाही. शेजारी बसून धुणारी आमची गुणगुणी, सतत काहीतरी गुणगुणते म्हणून गुणगुणी, तीसुद्धा माझं तोंड बघून गप्प झाली.

चारला दहा कमी असताना ट्रे आला. वरची चिठ्ठी वाचली. माझाच होता.

झाकण उघडलं.

सहाही क्लॅम्प लाल होते. दातांपासून सांध्यापर्यंत, सांध्याच्या आतपर्यंत लाल. त्यांनी धरलं होतं! दोन्ही बाजूंनी धरलं होतं, गाठ काढली होती, आणि टाके घालायचे चिमटेही वापरून आले होते. जिथे माझी नजर कधी पोचली नसती तिथे ही हत्यारं जाऊन आली होती आणि आता माझ्यासमोर ओळीने पडली होती. आम्ही आलो. माझ्या मानेपासून टाचेपर्यंत काटा उभा राहिला. हजारो ट्रे धुतले असतील मी. हजारोंचं रक्त या नळाखाली वाहून गेलं, आणि एकदाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं, ही कुणाची?

मी हात जोडले. नुसतेच.

"कुणाचा गं सेट?" गुणगुणीने विचारलं.

"आमच्या आईचा," मी म्हटलं, आणि नळ सोडला.