गुळगुळीत

शेवटचा स्क्रू फिरत नव्हता—डोकं झिजलेलं, गंजलेलं. स्क्रूड्रायव्हर घसरला आणि गिटारच्या पांढऱ्या रंगावर आणखी एक ओरखडा उठला. उठू दे. गुळगुळीत... हाच शब्द वापरला होता त्यानं, सगळ्या पोरांसमोर. 'ताई, तुझी गिटार गुळगुळीत वाजते, लग्नातल्या ऑर्केस्ट्रासारखी.' सख्खा धाकटा भाऊ, सुखदेव. त्याला गिटारवर पहिली कॉर्ड हिनंच, मोठ्या बहिणीनं, धरायला शिकवली, बँडचं नावसुद्धा हिनंच सुचवलेलं—आणि त्याच बँडमधून त्यानं हिला काढून हिच्या जागी त्या शेफालीला घेतलं.

स्क्रू निघाला. आम्रपालीनं तारांखालचा, त्यांचा आवाज टिपणारा जुना पिकअप उपटून बाजूला फेकला.

खडकीच्या क्वार्टरच्या त्या चिंचोळ्या गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून तिनं गिटारच्या अंगाला पटाशी लावली. नवा पिकअप जुन्याच्या दुप्पट रुंद, त्याला मोठा खळगा हवा. पहिला ठोका भीतभीत पडला. दुसरा तसा पडला नाही. चकचकीत रंगाखाली लाकूड इतकं मऊ, इतकं फिकट निघालं की तिला त्या मऊपणाचाच संताप आला—म्हणजे हेच दिसत होतं का सगळ्यांना, इतकी वर्षं?

"अगं, काय तोडते आहेस?" आतून आईनं विचारलं.

"तुझ्या लाडक्याचं डोकं."

"मग सावकाश तोड. शेजारी दुपारचे झोपलेत."

आईचं हे असंच. त्याला एका शब्दानं विचारलं नाही तिनं. हिला मात्र 'तू मोठी आहेस, मोठेपणा घे'... कुठून घ्यायचा असतो तो मोठेपणा? कुणी ठेवलाय?

आवाजातली धार कमी करणारं एक बटण होतं, त्याच्या वायरी तिनं सरळ कापून टाकल्या. आता मध्ये काही नको. पिकअपपासून आवाज थेट बाहेर, बोथट न होता. सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं, तरी ती वायर घट्ट धरून बसली.

संध्याकाळी तिनं गिटार अँप्लिफायरला जोडली. पहिलाच स्वर पत्रा फाडल्यासारखा निघाला. स्वयंपाकघरात भांडं पडलं. तिला विलक्षण बरं वाटलं. ये आता, ऐक.

आणि तो आलाच. दारातच थबकला.

"हे काय केलंस?"

तिनं त्याच्याकडे रोखून पाहत तारांवर हात मारला—एकदा, पुन्हा, मनात साठलेली एकेक शिवी हासडावी तसा. तो मात्र चपला न काढताच आत आला आणि अँपसमोर उकिडवा बसला.

"हेच! ताई, हेच तर सांगत होतो मी तुला. शुक्रवारच्या शोला ये तू. शेफालीला मी सांगतो."

"काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी. त्यात काय?"

त्यात काय... तारांवर तळहात दाबून तिनं आवाज बंद केला. दिवसभर ज्याच्या अंगावर फेकायला हे कोरलं, तो खूश होऊन समोर बसला होता. शेफालीचा चेहरा आठवून पाहिला—तिच्याविषयीचा राग हाताला लागेना. नाही म्हणायचं, तोंडावर म्हणायचं, याच क्षणाची तर वाट पाहत होती ती... पण आत कुठेतरी शुक्रवारी कोणता शर्ट घालायचा याचा विचार केव्हाच सुरू झाला होता, आणि तो थांबवता येत नव्हता.

"सांगू ना मग?" सुखदेव म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. आता तिला त्याची नाही, स्वतःचीच शिसारी आली होती.