वासुकीचे वेढे

आनंदरावांनी पिशवीतून पुस्तक काढले, उपरण्याच्या टोकाने त्याचे मुखपृष्ठ पुसले आणि ते ओटीवर धाकूच्या मांडीपाशी ठेवले. धाकूने त्यावरून हात फिरविला. मोतीबिंदू वाढल्यापासून तो वस्तू हातानेच पाहत असे.

"जाड हाय की रे. कितवं?"

"सातवं."

"ऋतिका, चाय टाक गो! शक्तीवाला आलाय दारात. साखर कमी घाल, नायतर गोड बोलंल मेला."

सून हसत आत गेली. आनंदरावांना मात्र हसू आले नाही. रत्नागिरीच्या मांडवीतल्या घरून निघाल्यापासून, जयगडच्या फेरीबोटीतही, एकच वाक्य त्यांनी मनात घोळविले होते. वेळणेश्वरच्या या ओटीवर ते जिभेवर येईना.

एके काळी गौरीगणपतीच्या दिवसांत या पंचक्रोशीत जाखडी नाचाच्या बाऱ्या, म्हणजे दोन पक्षांचे सामने, रंगत. मधोमध ढोलकी आणि गाणारा शाहीर. भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे गडी. एक पक्ष शक्तीचा, दुसरा तुऱ्याचा. एकाने गाण्यातून पुराणातला सवाल टाकावा आणि दुसऱ्याने आपल्या पाळीत, गाण्यातूनच, तो सोडवावा, अशी रीत. धाकू तुऱ्याचा शाहीर, शेजारच्या वाडीतला आनंदा शक्तीचा. आनंदाच्या गळ्यासाठी माणसे डोंगर उतरून येत.

एका भाद्रपदात धाकूने सवाल टाकला. समुद्रमंथन सरले, अमृत वर आले; मग मंदार पर्वताला गुंडाळलेल्या वासुकीचे वेढे कोणी सोडविले? आनंदाला उत्तर सुचले नाही. तो खाली बसला, तो पुन्हा बारीत उभा राहिला नाही. पुढे रत्नागिरीत नोकरी धरली, एका शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून संस्कृत शिकला, पुराणे मुळातून वाचली. निवृत्तीनंतर एकामागून एक ग्रंथ लिहिले. आनंदाचे आनंदराव झाले. गाणे मात्र त्यांनी देवापुढेही पुन्हा म्हटले नाही.

"तुझा सवाल सुटला, धाकू," ते अखेर म्हणाले. "शेवटचा अध्याय त्यावरच लिहिला आहे."

"कुठचा सवाल?"

आनंदरावांचा हात चष्म्याच्या घरावर थांबला.

"वासुकीचा. वेढे कोणी सोडवले, तो."

धाकूने अंगणातल्या उन्हाकडे तोंड वळविले.

"असंल इचारला. तेवा काय, रोज एक नवा सवाल. निम्म्यांची उत्तरं माला पन म्हायत नसायची."

"मी त्या सवालापायी गाणं सोडलं."

"सवालापायी?" धाकूने मान वळविली. "आमी समजलो, नोकरी लागली म्हनून सोडलंस. अरे मेल्या, तुजं उत्तर ऐकायला कोन येत होता? तू गण उचललास की माजेच गडी फेर चुकायचे. तू गेलास, मंग माज्यासमोर उभा राहायला कोन उरला? थोडे दिवस गायलो नि मी पन ढोलकी आढ्याला टांगली."

ऋतिकाने चहा आणून ठेवला. आनंदरावांनी कपाला हात लावला नाही.

"बरं, आलायस तर सोडव," धाकू म्हणाला. "आता तरी सोडव."

आनंदरावांनी चष्मा लावला, पुस्तक उचलले, शेवटचा अध्याय उघडला आणि संथपणे वाचू लागले. "वेढे कोणी सोडविल्याचा उल्लेख प्रस्तुत लेखकास कोठेही आढळला नाही. अमृतकुंभ दृष्टीस पडताच उभय पक्षांनी रज्जूचा त्याग करून..."

"वाचू नको." धाकूने त्यांना थांबविले. "वाचून कधी सवाल सुटलाय? गाऊन सांग. मी झील धरतो."

शाहिराने ओळ टाकावी आणि त्याच्याच पक्षाने ती मागून उचलावी, याला झील म्हणतात. प्रतिपक्षाची झील धाकूने उभ्या जन्मात धरली नव्हती. आत निघालेली ऋतिका दारातच थांबली.

आनंदरावांनी पुस्तक खाली ठेवले, चष्मा उतरविला, डोळे मिटले. चाल आठवत होती. सूर लागला, कापरा, पण नेमक्या जागी. आता त्यावर शब्द ठेवायचे होते. 'उल्लेख', 'उभय पक्ष', 'त्याग'. सात ग्रंथांतला एकही शब्द त्या चालीवर बसेना. सूर शब्दांवाचून थोडा वेळ तसाच राहिला आणि विरला.

धाकूचा हात ताल धरण्यासाठी वर उचललेला होता. तो वरच थांबला. मग हळूहळू खाली आला, चाचपडत पुस्तकापाशी गेला, आणि धाकूने त्यातले एक पान दोन बोटांत धरून पाहिले.

"कागद चांगला वापरलाय हां," तो म्हणाला.