नावाची फोड

“काकांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?” डोळ्यांच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, आणि बाई म्हणाल्या, “मी सांगते.”

नवरा बाहेर बाकावर बसला होता. आजाराचं नाव ऑप्टिक अ‍ॅट्रॉफी. दोन्ही डोळ्यांमागची नस वाळत चालली होती. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंना ते नावावरूनच उमगलं होतं.

बाईंनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. ग्रीक नाव दिसलं की त्याची फोड केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुलं पाठीमागे त्यांना तोडफोडबाई म्हणत. वर्गातले तक्ते नवरा रंगवून द्यायचा. तो पाट्या रंगवणारा पेंटर, शाळेशी त्याचं कधी फारसं जमलं नाही. पण अर्थ कळल्याशिवाय अक्षराला हात लावायचा नाही, हा त्याचा हट्ट. ‘गॅस्ट्रोपोडा’ लिहिताना बाईंनी समजावलं, आधी पोट, मग पाय. पोटावर चालणारी गोगलगाय. “म्हणजे तुझा भाऊच की,” तो म्हणाला. बाईंनी अबोला धरला खरा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात गोगलगाय शिकवताना त्यांनाच हसू आवरेना.

अलीकडे त्याचा लाल रंग बिघडला होता. रंग फिका येतो म्हणून तो दुकानदाराशी भांडला, दुकान बदललं, मग नव्या दुकानदाराशीही भांडला. भेसळ, दुसरं काय, म्हणून बाईंनीही त्याचीच री ओढली. शेवटी एका पाटीवर त्याने लाल इतका थापला की पाटीच्या मालकाने हात जोडले. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, की रंगाचा काही दोष नाही. आपण शिकलेल्या, आणि आपल्याला हे आधी कळू नये, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

त्या बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसल्या. औषधांच्या खिडकीत चिठ्ठी दिली होती, नावाचा पुकारा व्हायचा होता.

“काय निघालं?” त्याने विचारलं.

नाव तर सांगावंच लागणार. त्यांनी सांगितलं.

“फोड कर.”

चुकीच्या फोडीला अर्धा मार्कसुद्धा न देणाऱ्या बाई म्हणाल्या, “नस दमलीय, असा अर्थ. विश्रांती मिळाली की सुधारेल.”



“अन्नसाखळीच्या तक्त्यावर ऑटोट्रॉफ लिहिलं होतं मी,” तो म्हणाला. “स्वतःचं पोषण स्वतः करणारा. ट्रॉफ म्हणजे पोषण. आणि शब्दाआधी अ लागला, की पोषण नाही. तूच शिकवलंस.”

“परत येणार नाही म्हणाल्या डॉक्टर,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“हं.” त्याने हाताची बोटं उघडमीट केली. “तुला खोटं बोलायला जमत नाही गं. चेहरा पडतो लगेच. तेवढं दिसतं मला अजून.”

मग म्हणाला, “इकडे उजेडाला तोंड कर.”

चारचौघांत हे काय, असं एरवी बाई म्हणाल्या असत्या. त्यांनी मुकाट्याने उजेडाकडे तोंड केलं. त्याला मधलं धूसर दिसे, म्हणून मान तिरकी करून तो कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहू लागला. औषधांच्या खिडकीतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. बाई उठू लागल्या.

“थांब,” तो म्हणाला. “झालं नाही अजून.”