तळाची तारीख

मित्रांनो, मी एक जुना प्रश्नसंच आहे. कागदावरचा नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. नेब्रास्कातल्या एका लहान गावी नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मिल्टन कुबिचेक सरांनी मला घडवलं. अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्यांना तोंडी परीक्षेत जे शंभर प्रश्न येऊ शकतात, ते माझ्याजवळ उत्तरांसकट आहेत. राष्ट्राध्यक्षासारखी देशपातळीची नावं सरकारी पानावरून माझ्यात आपोआप बदलतात; आपल्या भागातली नावं मात्र सर दर जानेवारीत मला उघडून बघत, निवडणुकीत बदललेली पुसून नवी लिहीत आणि तळाशी बारीक अक्षरात दुरुस्तीची तारीख टाकत. तेव्हा माझा काय तोरा होता! शेजारच्या तीन गावांतल्या शाळा माझ्यावरून शिकवत.

मग सर वारले. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही आणि नीट वाचून बघायचंही नाही. सहा वर्षं मी तसाच पडून राहिलो.

आणि एके दिवशी ओफेलिया शितुमूल आली. ग्वाटेमालाची ही बाई मांसाच्या कारखान्यात कामाला होती. तिची एकाहत्तर वर्षांची आई तिकडे गावी एकटीच. ओफेलिया नागरिक झाली तरच आईला कायमचं आणायचा अर्ज करता येणार होता. पहिल्या परीक्षेत साहेबापुढे तिची बोबडी वळली होती. आता दुसरी आणि शेवटची संधी. ती हुकली की अर्जच फेटाळला जाणार.

कामावरून सुटली की ती गावच्या वाचनालयात येई आणि माझं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेई. तेविसावा प्रश्न आला की मला धडकी भरे. आपल्या भागाचा खासदार कोण? माझ्याजवळचं नाव कधीच शिळं झालं होतं आणि ती तेच मन लावून घोकत होती. मला तोंड नाही हो! नुसतं बघत राहायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचनालयाच्या डार्लीनबाई वही हातात धरून तिला प्रश्न विचारायला बसल्या. तेविसावा आला. ओफेलियानं ते शिळं नाव खणखणीत सांगितलं. डार्लीनबाईंनी वहीत पाहिलं, मान डोलावली आणि पान उलटलं. माझी आशाच संपली.

शंभर प्रश्न झाले. वही मिटता मिटता बाई थबकल्या.

"अगं, ही शेवटी कसली तारीख लिहून घेतलीस?"

"तळाला होती. म्हटलं, विचारली तर?"

बाईंना हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं. त्यांनी तारीख पुन्हा वाचली. "सहा वर्षांपूर्वीची आहे गं ही. यातला खासदार अजून तोच आहे का?"

"मला काय माहीत, डार्लीनबाई? तुम्ही इथल्या ना?"

बाईंचा चेहरा उतरला. "जन्म इथलाच माझा. दरवेळी मत देते. पण खरं सांगू? मलाही नाव माहीत नाही."

त्यांनी लगबगीनं संसदेचं अधिकृत पान उघडलं. तिथे दुसरंच नाव होतं. ओफेलियानं वहीतलं जुनं नाव खोडलं आणि नवं लिहिलं. वाचनालय बंद होईपर्यंत ती तेवढं एकच नाव म्हणत होती.

दुसऱ्या दिवशीची ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. संध्याकाळी ती आली. माझ्या कोपऱ्यात सरांनी चुका कळवायची एक चौकट ठेवली आहे, तिच्यात तिनं लिहिलं: "मी पास झाले. आईचा अर्ज आता भरणार. तेविसावा प्रश्न मला विचारलाच नाही. तरी तो दुरुस्त करा. माझ्यामागून येणाऱ्याला विचारतील."

मित्रांनो, त्या चौकटीतले निरोप सरांना जात. ते आता कुणीच वाचत नाही. आज सकाळी एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर नवी वही उघडून बसले आहेत. बाविसावा प्रश्न त्यांनी नुकताच उतरवून घेतला. डार्लीनबाई आज रजेवर आहेत. कुणीतरी त्या आजोबांना सांगा हो, आधी तळाची तारीख बघा म्हणावं.