झूरा-एजेंची आडवी रेघ

झूरा-एजे वर्षभर ज्या कामाशी झटापट करायच्या, ते कुबात प्रोग्रामच्या एका ओळीत उरकायचा. राजधानीत, बिश्केकला, शिकून कारासाज गावच्या रक्तपेढीत लागल्यापासून त्याचा तोरा असा, की चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचा.

झूरा-एजे, म्हणजे झूराताई, तिथल्या जुन्या नर्स. रक्तदात्यांची फाइल त्यांनीच टाइप केलेली: नाव, आडवी रेघ, फोन, आडवी रेघ, रक्तगट. त्या निवृत्त झाल्यावर कुबातने प्रोग्रामला हुकूम सोडला, रेघ दिसेल तिथे ओळ काप, आणि रिकामा तुकडा उरला तर फेकून दे. तक्ता आरशासारखा लखलखीत झाला. जुनी फाइल त्याने पुसून टाकली. एका घरात दोन चुली कशाला, म्हणाला.

आज बर्फाने घाट बंद होता, बाहेरून रक्त येणार नव्हतं, आणि शेजारच्या प्रसूतिगृहात बेगिमाय नावाची बाळंतीण रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती. तिला दुसरा गट, म्हणजे ‘ए’, हवा होता, तोही निगेटिव्ह. पॉझिटिव्ह चालणार नव्हतं. डॉक्टर दामिरा अक्मातोव्ना दारातूनच म्हणाल्या, "निगेटिव्हवाले बोलाव. लवकर."

कुबातने शोधलं. निगेटिव्ह एकही नाही. पॉझिटिव्हही एकही नाही. नुसतेच गट.

झूरा-एजे लेकीकडे रशियाला गेल्या होत्या. त्याने फोन लावला.

"पॉझिटिव्ह तर अख्खं गाव आहे, बाळा. ते कोण लिहीत बसणार? निगेटिव्ह असेल त्याच्या गटामागे मी एक रेघ ओढायचे. अगदी शेवटी."

कुबातने पडद्यावरचा आपला हुकूम पुन्हा वाचला. शेवटची रेघ. तिच्यापुढे काहीच नाही, म्हणजे रिकामा तुकडा.

"एजे, कोणाकोणाला ओढली होती, आठवतं?"

"आठवावं लागू नये म्हणून तर ओढायचे रे! का? दिसत नाहीत का?"

आवाज तुटतोय असं सांगून त्याने फोन ठेवला.

मग दुसऱ्या गटातल्या एकेकाला फोन. "आजोबा, तुमचं रक्त निगेटिव्ह आहे का हो?"

"माझं? आमच्या सात पिढ्यांत असं कोणी बोललं नव्हतं! थांब, येतोच."

सगळेच आले. अंगण टोप्यांनी आणि घोड्यांच्या वासाने भरलं. तपासायचं औषध मात्र एकच बाटली, तीही अर्धी. तिचा शेवटचा थेंब एका ट्रकवाल्यावर खर्च झाला. पॉझिटिव्ह.

"संपलं," तपासणारी बाई म्हणाली. रांगेतून कोणी हललं नाही.

"मग न तपासताच घ्या की!" उजवी बाही वर केलेला एक म्हातारा ओरडला. "मी काय रोगी दिसतो?"

"तुझं घेतलं तर पोरगी घोरायला लागेल," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

बेगिमायचा नवरा मिर्लान कुबातजवळ आला. "यांच्यात एखादा तरी असेल ना, भावा?"

"असेल."

"कोण?"

आतून दामिरा अक्मातोव्नांची हाक आली, "मिळाला का रे?"

"मग या हातातलं बघा," म्हणत म्हाताऱ्याने उजवी बाही खाली केली आणि डावी वर केली.