पहिला घास

निशा मॅडमचं बोलणं ऐकता ऐकता दुर्पताने मनातल्या मनात फायदा मोजला : स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची, नोकरीत कायम केल्याची ऑर्डर आणि शुक्रवारी अख्ख्या राइस मिलच्या टाळ्या. त्यासाठी करायचं काय, तर एक घास भात खायचा. एवढा स्वस्त सौदा गोंदियात दुसरा नव्हता. तरी तिच्या तोंडून हो निघेना.

"अहो, तुमच्याच सणाचा मान आहे हा," मॅडम म्हणाल्या.

नागपूरहून आलेली ही मॅनेजर बाई मनाने खरंच चांगली. मिलमध्ये प्रत्येकाला आपलं वाटलं पाहिजे, हा तिचा ध्यास. गोंड लोक नवीन धानाचा भात देवाला देऊन मग 'नवा' खातात, असं तिला कोणीतरी सांगितलं. झालं, शुक्रवारी मिलमध्येच नवा ठरला. पहिला घास दुर्पताचा, कारण चाखायच्या खोलीत गोंड ती एकटीच.

अडचण एवढीच, की चिचगडकडच्या तिच्या गावात नवा अजून झालाच नव्हता. चुलता वारलेला, म्हणून घरातल्या थोरल्या उमरावबाबाने दिवस पंधरवडाभर पुढे ढकललेला. देवापितरांआधी नवा दाणा तोंडात घालायचा नाही. दुर्पताने कधी घातलाही नव्हता, आणि नोकरी तर बारा वर्षं तांदूळ चाखायचीच.

हे जमलं टेकचंदमुळे. चाखायला दोघं बसत. सुरुवातीची वर्षं नव्याआधीच्या दिवसांत तो तिच्याही वाटचं खायचा. सहा वर्षांपूर्वी तोंडाच्या गाठीसाठी त्याने रेडिएशनचे शेक घेतले आणि त्याला मीठ, साखर सारखंच लागू लागलं. तेव्हापासून वर्षभर ती चाखायची, तो मान डोलवायचा. नव्याआधी मात्र तो चावायचा, ती वाफ हुंगायची आणि दहापैकी जितके गुण, तितक्यांदा चमचा ताटलीवर वाजवायची. आठदा वाजला, की टेकचंद जाणकाराच्या चेहऱ्याने म्हणायचा, "आठ." दोघांत मिळून एक जीभ. मिलचा माल कधी परत आला नाही. यातलं ठरलेलं काही नव्हतं, म्हणून मोडलंही नव्हतं.

"खाऊन टाक, बाई," डब्याच्या वेळी टेकचंद म्हणाला. "देव काय मिलच्या गेटवर बसून राहिला पाहाले?"

"तुमचा देव सुट्टी घेत असंन, भाऊ. आमचे सात आहेत. एखादा तरी जागा राहते."

तो हसला. अडचण दोघांनाही ठाऊक होती. तिने नाही म्हटलं, तर मॅडम सहज विचारणार, मग इतकी वर्षं या दिवसांत चाखलं कोणी? आणि चमचा एकट्या टेकचंदच्या हातात देणार; त्याला चव नाही, हे उघडं पडणार. त्याच्या मुलीचं, रीनाचं नर्सिंग अजून दोन वर्षं बाकी होतं.

शुक्रवारी ताट आलं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर लवकर पिकलेल्या हलक्या धानाचा भात, भोवती झेंडूची माळ, समोर वर धरलेले फोन. दुर्पताने घास उचलला. वाफ नाकात गेली. नऊ, तिने सवयीने मोजलं. हात तोंडापाशी थांबला, ना पुढे, ना मागे. आपण कोणाचा मान राखतोय आणि कोणाचा घालवतोय, हेच तिला उमगेना.

"थांबा, मॅडम," टेकचंद मागून म्हणाला. "तिचा नवा व्हाचा आहे. या दिवसांत चाखतो मी. आन् माह्या तोंडाले सहा वर्सांपासून चव नाही. नाक तिचं चालून राहिलं."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी दुर्पताची माफी मागितली, नव्याची पगारी सुट्टी दिली, कायमची ऑर्डरही दिली. टेकचंदवर कोणी ओरडलं नाही. त्याला फक्त गेटवर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं. तिथे जीभ लागत नाही, आणि पगारही जिभेचा मिळत नाही.

नवा झाल्यावर दुर्पता पळसाच्या पानात गावचा भात घेऊन गेटवर गेली. टेकचंदने घास घेतला, सावकाश चावला आणि तिच्या हाताकडे पाहिलं. चमचा तिने आणलाच नव्हता.

"सांग ना, किती?" तो म्हणाला.

देवांना त्यांचा घास मिळाला, मॅडमना धडा, दुर्पताला पाठ असलेली खुर्ची. ज्याच्या वाटचं गेलं, तो स्टुलावर बसून चावत राहिला, आकड्याची वाट पाहत.